टोपीशिवायचे आबा

माणसाचं तोंड दिसतं तेवढं सोपं नसतं, हे मला इंटरमिजिएट ड्रॉइंगला 'अ' श्रेणी मिळाल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर श्रेणी मिळाली नसती. कारण आमच्या क्लासच्या बाईंनी आम्हा सगळ्यांना स्मरणचित्रासाठी एकच माणूस शिकवलाय. तो मुळात फुगेवाला. फुगे काढून घेतले आणि टोपली दिली की तो भाजीवाला होतो, ढोल दिला की मिरवणुकीतला, छत्री दिली की बसस्टॉपवरचा. त्याचं नाक एका फटकाऱ्यात येतं आणि डोळे म्हणजे दोन ठिपके. ह्या एका माणसाच्या जोरावर दहिवलीतली निम्मी मुलं सरकारी परीक्षा पास झाली आहेत.

पण निकाल हातात आला तेव्हा मला फुगेवाल्याची आठवण राहिली नाही. मला वाटलं, हे सगळं माझंच. त्याच तारेत मी जेवताना जाहीर केलं की दहावीनंतर मी चित्रकलेला जाणार.

आई म्हणाली, आधी वांगं संपव. बाबा पतपेढीत असतात, त्यामुळे जामिनाशिवाय त्यांना कुठलीच गोष्ट पटत नाही. ताक पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "ठीक आहे. एक माणूस काढून दाखव. खराखुरा. दारातून येणाऱ्या कुणीतरी, न सांगता, ओळखला पाहिजे. ओळखला तर दिवाळीआधी शाळेत पालकांची सभा आहे, तिथे मी स्वतः चित्रकला सांगीन. नाही ओळखला तर विज्ञान, आणि पुन्हा विषय नाही."

"कुणाला काढू?"

"आबांना काढ. ते घरीच असतात."

आबा म्हणजे माझे आजोबा, चांगो हे त्यांचं नाव. त्यांना विचारलं तर म्हणाले, काढ की, मला काय करायचं असतं त्यात? मी म्हटलं, नुसतं बसायचं. ते म्हणाले, मग काढच. पण बाबा पतपेढीतले. त्यांनी लगेच पोटकलम घातलं की टोपी काढायची नाही, म्हणजे चित्रात घालायची नाही. आबांची टोपी बघून शेंबडं पोरही त्यांना ओळखेल, मग चित्रकलेचं त्यात काय?

आबांना मी जन्मापासून टोपीत पाहिलंय. टोपी काढल्यावर ते कपाळापर्यंत माझे आबा होते आणि त्याच्या वर कोणी अनोळखी गृहस्थ. इथपासूनच माझा गोंधळ सुरू झाला, तो अजून पूर्ण गेलेला नाही.

खराखुरा माणूस म्हणजे तैलरंगच, हे मी यूट्यूबवर बघून ठरवलं होतं. तिथे एक दाढीवाले परदेशी काका आहेत. ते आधी सगळं तोंड मातकट रंगात काढतात, मग म्हणतात, आता घाबरू नका, आणि तोंडात हिरवा घालतात. हिरवा! आणि तो कातडीसारखा दिसतो. मी तो भाग पुन्हा पुन्हा पाहिला आणि दर वेळी मला कमी कळला.

रंगांच्या ट्यूबा आणि कॅनव्हास बाबांनी कल्याणहून आणून दिले. शब्दाचे पक्के आहेत ते. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन मात्र कर्जतच्या बाजारात बद्रुद्दीन चाचांच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळालं. चाचा म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, रुबिनाचे अब्बा. त्यांनी सवयीनं विचारलं, खिडक्या की दरवाजे?

"आजोबा," मी म्हटलं.

त्यांनी क्षणभर विचार केला. "किती स्क्वेअर फूट?"

मी हातांनी दाखवलं. मग त्यांनी मन लावून सल्ला दिला, की आधी पॉलिश पेपर मारून घे आणि शेवटी व्हार्निशचा हात दे. पाच पावसाळे बघायला नको, वाळवीसुद्धा लागणार नाही. व्हार्निशची बाटली त्यांनी माझ्या 'अ' श्रेणीबद्दल भेट दिली. त्या बाटलीचं पुढे काय झालं ते येईलच.

आबांना बसवलं हॉलमध्ये. उजेड सारखा पडावा म्हणून दाढीवाल्या काकांनी सांगितल्याप्रमाणे मागच्या भिंतीवर पांढरी चादर लावली. जागा होईना म्हणून सोफा गॅलरीत गेला आणि घरची माणसं खाली चटईवर आली. आबा सकाळी छान ताठ बसत. दुपारी जेवले की त्यांना कवळी टोचायची, मग ती काढून वाटीत ठेवायचे आणि पुन्हा बसायचे. मला हे लक्षात यायला उशीर झाला. डावा गाल मी सकाळच्या वेळी रंगवला होता आणि उजवा शाळेतून आल्यावर. म्हणजे डावीकडचे आबा कवळीसकट आणि उजवीकडचे कवळीशिवाय. मी चित्र जवळून बघायची, लांबून बघायची, आरशात उलटं बघायची, आणि मला वाटायचं आबांना बरं नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा वेगळाच होता. मी कितीही जपून काढलं, मोजून काढलं, चौकटी आखून काढलं, तरी ओल्या रंगातून हळूच तो वर यायचा. फुगेवाला. नाक तेच, एका फटकाऱ्यातलं. मी ते पुसायची, आबांचं पसरट नाक घालायची, शाळेत जाऊन यायची, तर पुन्हा तोच माझ्याकडे बघतोय. रुबिना म्हणाली, "त्याला फुगे दे आणि मोकळी हो."

एवढ्यात सोसायटीनं उडी घेतली. आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी किशोर काका. टर्पेंटाइनचा वास जिन्यात गेला आणि तळमजल्यावरून तक्रार आली की कुठेतरी गॅस लीक आहे. गॅसवाला येऊन सगळ्यांचे सिलेंडर हुंगून गेला. मग मला लेखी नोटीस आली. मला! माझ्या नावावर आलेलं आयुष्यातलं पहिलं टपाल, आणि त्यात लिहिलेलं की सदर सभासदाच्या मुलीने ज्वलनशील पदार्थ लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंच जागी ठेवावेत, व चित्रकाम करण्यासाठी कमिटीची परवानगी घ्यावी. मी अर्ज केला. अर्ज परत आला, कारण कशाचं चित्र ते नमूद नव्हतं. मी 'आजोबांचे' असं नमूद केलं. तो पुन्हा परत आला, कारण आजोबांची संमती जोडली नव्हती. आबांनी सही केली, पण टोपी घालून केली म्हणून चालेल का, असं त्यांनीच मला विचारलं. सगळ्यांचीच डोकी फिरली होती.

शेवटी किशोर काका जातीने पाहणीला आले. चपला काढल्या, आत आले, कॅनव्हाससमोर उभे राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक विचित्र लाजरं हसू पसरलं.

"अगं, माझं कशाला काढलंस?" ते म्हणाले.

मी ब्रश धुवायला घेतले. परवानगी त्याच संध्याकाळी मिळाली. त्यानंतर रोज ऑफिसवरून आले की काका डोकावून जायचे. हनुवटी जरा टोकदार कर, म्हणायचे. वय थोडं जास्त दाखवलंयस पण अनुभव दिसतो, म्हणायचे. बाबा पेपरमागून सगळं ऐकायचे. काका गेले की फक्त एवढंच म्हणायचे, "नापास."

मग नापासांची रांगच लागली. वरच्या मजल्यावरच्या समिधा वहिनींना ते त्यांचे सासरे वाटले आणि त्या माझ्यावर रागावल्या. कुरिअरवाल्याला वाटलं बाबाच आहेत, म्हातारपणचे. आईची मैत्रीण म्हणाली, हे कुठले संत? जो येईल तो एक सल्ला देऊन जायचा आणि मी तो पाळायची. वहिनी म्हणाल्या कान लहान कर, केला. कुरिअरवाला म्हणाला भुवया जाड हव्यात, केल्या. मला वाटायचं, एवढी माणसं सांगताहेत म्हणजे प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर असणार. पण सगळ्यांचं मिळून जे तयार होत होतं ते दहिवलीत कोणाचंच तोंड नव्हतं. एका रविवारी मी सगळ्यांचे सल्ले कपड्याने पुसून काढले आणि पहिल्यांदाच यूट्यूब बंद करून, कोणाचं न ऐकता, नुसतं आबांकडे बघत बसले. आबा कवळी काढून डुलकी घेत होते. मी त्यांना तसंच काढलं. दोन्ही गाल कवळीशिवायचे. हिरवा कुठे घालायचा तेही त्या दिवशी मला दिसलं, डोळ्यांखाली.

पण जवसाचं तेल तोपर्यंत संपलं होतं, आणि आई म्हणाली तेल ते तेल, आणि मी शेंगदाण्याचं घातलं. ते वाळतच नाही, हे तिला किंवा मला माहीत असायचं कारण नव्हतं. त्यातून दसऱ्याचे दिवस, आजूबाजूला भात पिकलेला, संध्याकाळी दिवा लागला की शेतातले तुडतुडे घरात. ते सरळ आबांच्या ओल्या गालावर जाऊन बसायचे आणि तिथेच राहायचे. सकाळी आबांना दाढी आलेली असायची. मी चिमट्याने ती काढायची. शेवटी आईने उपाय काढला, चित्रासमोर सतत उदबत्ती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबा माळ्यावरून पूजेची भांडी काढायला चढले. सोसायटीच्या नोटिशीनुसार व्हार्निशची बाटली मी घरातल्या सगळ्यात उंच जागी, म्हणजे त्या भांड्यांच्या ढिगावरच ठेवली होती. टोपणही बहुतेक मी नीट लावलं नव्हतं. बाटली बाबांच्या डोक्यावर आली आणि मग अगदी सावकाश मिशीवर उतरली.

खोबरेल लावलं, रॉकेल लावलं. बद्रुद्दीन चाचांना फोन केला तर ते हळहळले. म्हणाले, दरवाजा असता तर उपाय सांगितला असता. तासाभरात बाबांचे केस असे कडक झाले की वाजवले तर आवाज येत होता. शेवटी ते सलूनमध्ये जाऊन डोकं आणि मिशी दोन्ही साफ करून आले. न्हाव्याने म्हणे काही विचारलं नाही, फक्त दुकानातली गाणी बंद केली आणि निघताना हात जोडले. का ते बाबांना कळलं नाही. त्यांना त्या दिवशी काहीच ऐकून घ्यायचं नव्हतं. माझ्याशी तर ते एकच वाक्य बोलले, की उद्या संध्याकाळपर्यंत मुदत, नंतर ते चित्र घरात नको. आणि मी पहिल्यांदाच घाबरले. चार महिने मी शाळेत, क्लासमध्ये, गल्लीत सांगत फिरले होते की मी चित्रकलेला जाणार. नाही गेले तर त्या सगळ्यांना काय, फुगे वाटणार?

दसऱ्याला आमच्याकडे ज्याचं जे हत्यार त्याची पूजा असते. आईने शिलाई मशीनला झेंडू घातला, विळीला हळदकुंकू लावलं, बाबांच्या बाईकला हार घातला. मग माझ्या चित्राच्या घोडीपाशी आली. आता माझं हत्यार तेच, म्हणून तिने घोडीच्या वरच्या टोकाला झेंडूची माळ अडकवली. ती दोन्ही बाजूंनी छान खाली आली. समोर ब्रश मांडले, निरांजन लावलं. उदबत्ती होतीच. मला इतकं भरून आलं की विचारू नका. कोणीतरी माझ्या ब्रशांना नमस्कार केला होता.

मग आई पुऱ्या तळायला गेली. आबा टोपी घालून खाली गल्लीत सोनं द्यायला गेले. बाबा पांढऱ्या बनियनवर चटईवर, भिंतीला टेकून, खिन्न बसले होते. मी गॅलरीतल्या सोफ्यावर बसून विज्ञान शाखेची कल्पना करत होते. रुबिना सोनं घ्यायला आली होती, ती दाराशी चपला काढत होती, आणि तेवढ्यात जिन्यातून मोतीआजी आल्या. मोतीबाई म्हणजे आबांची धाकटी बहीण, भिवपुरीकडच्या गावात दिलेली. दर दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन भावाकडे येतात.

मला फक्त आवाज आला. असा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"दादा रं… माझ्या दादा… अरं, बोलावलं बी नाय रं मला… कवळी तरी घालून न्यायचा व्हता रं त्याला…"

मी धावत आत आले तर मोतीआजी चित्रासमोर बसकण मारून पदर तोंडाला लावून रडतायत. आई झारा घेऊन बाहेर आली. बाबा उठून, "आत्या, आत्या, अगं ऐक," म्हणत पुढे झाले तर त्यांनी बाबांना हाताने बाजूला सारलं. शेजारची दारं उघडली. किशोर काका जिन्यातून धावत आले, आतलं बघितलं, आणि दारातच थबकून एकदम हळू आवाजात विचारलं की गाडीची व्यवस्था झाली का. खाली घातलेली मान वर करून मग चित्राकडे बघितलं आणि त्यांचा रंगच उडाला, कारण इतके दिवस ते हे चित्र स्वतःचं समजत होते.

या सगळ्यात आबा वर आले. दारात गर्दी, आत रडणं. जुन्या वळणाचा माणूस. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, कोणाला काही न विचारता आत आले आणि बहिणीच्या शेजारी चटईवर बसले.

"कोण गेलं गं, मोते?" त्यांनी हळूच विचारलं.

"दादा गेला," मोतीआजी पदरातूनच म्हणाल्या.

"कुठला दादा?"

पदर खाली आला. मोतीआजींनी आबांकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, पुन्हा आबांकडे पाहिलं. मग हातातली आपट्याची सगळी पानं त्यांच्या टाळक्यावर आपटली आणि पुन्हा रडायला लागल्या, या वेळी जास्त मोठ्याने.

पाणी झालं, चहा झाला, शेजारी नाइलाजाने आपापल्या घरी गेले. किशोर काका मात्र थांबले; त्यांना चित्राबद्दल काही विचारायचं होतं पण कसं ते सुचत नव्हतं. शेवटी मला राहवेना.

"बाबा, ओळखलं. दारातून आल्या, न सांगता ओळखलं. टोपी पण नाही."

बाबांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "चित्र नाही ओळखलं," ते म्हणाले. "मुलाचं डोकं सफाचट, समोर हार, दिवा, उदबत्ती, मागे पांढरी चादर. तिथे कॅलेंडर टांगलं असतं तरी आत्या दादा म्हणूनच रडली असती. नापास."

आणि वाईट म्हणजे, मला ते पटलं. खरंच, माझ्या चित्राला बघून रडल्या की बाबांच्या डोक्याला बघून? मी रुबिनाकडे बघितलं. ती म्हणाली, तिने फक्त आजींची पाठ पाहिली. आई म्हणाली, पुऱ्या जळाल्या. हॉलमध्ये कोणालाच काही कळेनासं झालं.

मोतीआजींनी बशी खाली ठेवली. "कोनाचं डोकं?"

"माझं, आत्या. मी इथेच बसलो होतो ना."

मोतीआजी बाबांना निरखून बघायला लागल्या, वरून खाली, मग पुन्हा वर. "हा रुपेश हाय?" त्यांनी आईला विचारलं. "मी म्हनलं कोन बाबा-बुवा बसवलाय पोथी वाचायला. मी तुला वळखलाच नाय, रं. मी वळखला तो दादाला."

बाबांच्या सख्ख्या आत्याने बाबांना समोरासमोर ओळखलं नव्हतं, आणि माझ्या शेंगदाणा तेलातल्या आबांना दारातूनच ओळखलं होतं.

बाबांनी शेवटचा प्रयत्न केला. "आबा, तुम्हीच सांगा. हे कोण?"

आबांनी टोपी घातली, चष्मा लावला, गुडघ्यावर हात ठेवून पुढे झुकले आणि बराच वेळ बघितलं. "हा आपला किशोर ना?" ते म्हणाले.

किशोर काका पुन्हा हसले. पण मोतीआजींनी आबांना जागच्या जागी गप्प केलं.

"तू कवा आरशात बघितलंस, रं? दाढी न्हावी करतो. बायको व्हती तवा भांग ती पाडायची. तुला काय ठावं तू कसा दिसतोस? ते आमाला इचार."

बाबा चटईवर बसले. म्हणाले, "ठीक आहे."

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. पण बाबांचं डोकं काही लगेच वाढणार नव्हतं. बाजारात, बँकेत, भाजीवाल्याकडे, जो भेटेल तो चेहरा पाडून विचारायचा, कधी झालं, काय होतं. चौथ्यांदा उत्तर दिल्यावर बाबांनी ठरवलं की आता कुठेही जायचं तर पुरावा सोबत घेऊनच. आबांना हे फार आवडलं. ते रोज इस्त्रीची टोपी घालून बाबांच्या बाईकवर मागे बसायचे आणि चौकाचौकात हात वर करायचे.

पालकांच्या सभेलाही ते आले. पण वर्गात पंखा बंद होता, उकडत होतं, म्हणून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. कवळी तर टोचत होतीच, ती रुमालात.

बाबांचा नंबर आला. बाबांना पाहताच आमचे वर्गशिक्षक खुर्चीतून उठले, त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, समीक्षाने काहीच सांगितलं नाही. बाबा म्हणाले, तसं काही नाही. सर म्हणाले, वडील ते वडीलच. बाबांनी घसा साफ केला. त्यांना ते वाक्य किती जड जातंय ते मला पाठीमागून दिसत होतं.

"सर, ते शाखेचं लिहून घ्या. समीक्षा विज्ञानाला नाही जाणार. चित्रकलेला जाणार आहे."

सरांनी पेन खाली ठेवलं. बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या," ते मायेने म्हणाले. "अशा वेळी माणसाला काही सुचत नाही. घाई नको. दिवाळीनंतर शांतपणे सांगा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे. आता पुन्हा सगळं पहिल्यापासून?

मागच्या बाकाचा आवाज झाला. आबा टोपीशिवाय, कवळीशिवाय, दोन बाकांमधून चालत पुढे आले. अगदी माझ्या चित्रातल्यासारखे.

"ओ मास्तर," ते म्हणाले. "जो गेला तो मीच हाय. तुमी लिवा चित्रकला."